नऊच्या पोटातला आठ

नाशिकात कोर्टाची पायरी ज्याला चढावी लागली आहे, त्याला दीपमाला पगारेचं दुकान बहुधा ठाऊक असतं. सीबीएस स्टँडवरून निघून कोर्टामागच्या गल्लीत शिरलं, की टायपिंगवाल्यांची टेबलं संपतात तिथे निळा पडदा लावलेली एक अरुंद खोली लागते. आत एक स्टूल, दोन दिवे, एक कॅमेरा, एक प्रिंटर. "हनुवटी थोडी खाली. डोळे उघडे. हसू नका." एवढं बोलून ती बटण दाबते, आणि माणूस समोरच्या टपरीवर चहा पिऊन येतो तोवर फोटो कापून पाकिटात घातलेले असतात. वकील असोत नाहीतर लिंबू-सरबतवाला, सगळ्या गल्लीची ती ताई.

लग्न तिचं मनमाडला झालं होतं. दोन वर्षांत ती परत आली. का आली ते तिने आईला एकदाच सांगितलं आणि लताबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. शेजारणींनी काढला तर त्यांना उठवून लावलं. पुढे दीपमाला मेनरोडच्या एका स्टुडिओत निगेटिव्हवरचे डाग बारीक पेन्सिलीने बुजवायचं काम शिकली. नवरीच्या गालावरचे मुरमांचे खड्डे, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, सगळं ती बुजवी. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिने ही खोली भाड्याने घेतली. उपनगरच्या घरातून सकाळी निघावं, संध्याकाळी परतावं, आईला गोळ्या द्याव्यात, झोपावं. माणसं तिच्यासमोर येऊन बसत आणि उठून जात. पाठ फिरली की त्यांचे चेहरेही तिला आठवत नसत. तिची काही तक्रार नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

एका बुधवारी दुपारी पुंजाराम आहेर तिच्या दुकानात आले. पांढरा सदरा, धुळीने माखलेले बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारी मेथीची जुडी. स्टुलावर बसायचं सोडून त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि काउंटरवर तांब्याचं एक जुनं नाणं ठेवलं.

"माझा नको. याचा फोटो काढायचाय."

"नाण्याचा? आता आधारला हाही लागतो का?"

ते इतक्या मोठ्याने हसले की बाहेरचा टायपिंगवाला वळून बघू लागला.

सटाण्याच्या बाजूला पशुसंवर्धन खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडून गुरांना लसी टोचायच्या, अडलेल्या गाई सोडवायच्या. कागदावर ते डॉक्टर नव्हते, पण गावांनी त्यांना डॉक्टरच केलं होतं. लोक कधी कृतज्ञतेने, कधी सहज, घरातली जुनी नाणी दाखवत. तिथून त्यांना नाद लागला. आता निवृत्तीनंतर दर बुधवारी सकाळच्या एसटीने ते नाशिकला येत, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या वस्तू मांडून बसणाऱ्यांपाशी उकिडवं बसून तांब्याच्या ढिगात बोटं फिरवत.

काउंटरवरचं नाणं बडोद्याच्या गायकवाडांचं होतं, एक पैसा. "आमच्या कवळाण्याचं पोरगं तिकडं दत्तक जाऊन राजा झालं ना, म्हणून मला याच पैशाचं वेड," ते म्हणाले. एका बाजूला घोड्याचा खूर आणि तलवार होती. "खूर बघा, अगदी बरोबर काढलाय. ज्यानं काढला त्यानं घोड्याचा पाय हातात धरलेला असणार." मग त्यांनी नाणं उलटवलं. वेलीच्या मधोमध लिहिलं होतं: संवत १९४९.

"तो शेवटचा नऊ बघा. टाकसाळीत ठसा घडवायचा म्हणजे काय कमी खटपट? वर्ष संपलं, पण ठसा अजून चांगलाय, तर फेकून कोण देणार? जुन्या आकड्यावरच नवा आकडा ठोकायचे. इथं आठाचा नऊ केलाय. पण आठ पुरता बुजला नाही, त्याची शेपटी राहिलीय. याला ओव्हरडेट म्हणतात. मला भिंगातून दिसतं, फोटोत उमटत नाही. आणि फोटो नाही तर आमच्या नाणेवाल्यांच्या ग्रुपवर म्हणतात, डॉक्टर, चष्मा बदला."

दीपमालाने दोन्ही दिवे लावून फोटो काढला. नाणं बिस्किटासारखं सपाट आलं. दुसरा काढला, तसाच. स्टुलावर एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. "राहू द्या," पुंजाराम म्हणाले. "तुमचा धंद्याचा टाइम आहे."

"थांबा जरा."

निगेटिव्हवरचा ओरखडा शोधायचा असला की स्टुडिओत ती काच तिरपी धरत असे, ते तिच्या हातांना आठवलं. तिने एक दिवा बंद केला. दुसरा काढून पार काउंटरच्या पातळीला खाली आणला, त्याच्यापुढे बटर पेपर धरला, नाणं बाटलीच्या झाकणावर ठेवलं आणि दिवा न हलवता नाणंच हळूहळू फिरवत राहिली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नऊची सावली लांबत गेली. आणि मग नऊच्या खालून, उजव्या अंगाला, केसाएवढी एक वाकडी रेघ उगवली.

"दखा!" पुंजाराम ओरडले. शहराची भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली, अहिराणी वर आली. "शे का नई? शे का नई?"

"आहे," दीपमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. उभा जन्म तिने डाग बुजवण्यात घालवला होता. बुजलेलं काहीतरी वर आणायचं काम तिने पहिल्यांदा केलं होतं.

पुढच्या बुधवारी ते पुन्हा आले. आणि त्याच्या पुढच्याही. दुपारी गल्ली सुस्तावली की ते पडद्याआड बसत. ते दिवा धरत, ती कॅमेरा. "थोडं खाली, डॉक्टर. अजून. बस्स." या कामातल्या खाचाखोचा ती हळूहळू शिकली. दुहेरी दिसणारा प्रत्येक आकडा ओव्हरडेट नसतो. ठोकताना ठसा घसरला तरी आकड्याला पायरी पडते. ओरखडा आत गेलेला असतो आणि जुना आकडा वर उठलेला असतो; पण फोटोत डोळा फसतो, उंचवट्याचा खड्डा दिसतो. म्हणून उजेड एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून टाकायचा. सावलीने बाजू बदलली की खोटं बोलायला जागा राहत नाही. हे ती पुंजारामांना समजावून सांगे आणि ते शाळकरी पोरासारखी मान डोलावत.

ती डब्यात एक भाकरी जास्त नेऊ लागली. ते घरची डाळिंबं आणत आणि सोलून, दाणे वर्तमानपत्रावर मोकळे करून तिच्यापुढे सरकवत. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी मुलगा महेश, सून अंजली. सगळी गल्ली ताई म्हणत असताना त्यांनी तेवढा एक शब्द कधी तोंडातून काढला नाही. ते तिला "दीपमालाबाई" म्हणत, पूर्ण नाव, सावकाश. हे तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नव्हता.

"आज बुधवार वाटतं," सकाळी ती आरशासमोर जरा जास्त रेंगाळली की लताबाई म्हणत.

"सगळे वार सारखेच, आई."

"असतील बाई."

एका थंडीत पुंजाराम सहज बोलल्यासारखं बोलले, "एकदा आमच्याकडं या. पत्र्याचा एक अख्खा डबा पडलाय बडोद्याच्या पैशांचा, अजून निवडलासुद्धा नाही. अंगणात ऊन चांगलं येतं. दिव्याचं कामच नाही."

दीपमालाच्या डोळ्यांपुढे एका क्षणात सगळं येऊन गेलं. आहेरांचं घर. गावात उतरल्यावर, कोणाकडं आल्या, आडनाव काय, म्हणून विचारणारी माणसं. ओसरीवर बसवतील की घरात. चहा कुठल्या कपातून येईल. आणि त्याही पलीकडे, आपण तिथे कोण म्हणून बसणार?

"दुकान कोण बघेल?" ती म्हणाली.

"तेही खरंय." त्यांनी दिवा पुन्हा उचलला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तिला मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न पुन्हा ऐकू येई, आणि दर वेळी ती मनातल्या मनात वेगळं उत्तर देऊन बघे.

तो पहिला पैसा, नऊच्या पोटातला आठ, ग्रुपवर गाजला होता. पण मान्य झाला नव्हता. पुण्याचे एक जुने अभ्यासक होते, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी फोटोचं मनापासून कौतुक केलं आणि लिहिलं, "एका नाण्यावरून ठरवता येत नाही. त्या एकाच नाण्याला कुठे मार लागला असेल, ठोकताना काही अडकलं असेल. तशीच शेपटी, त्याच जागी, दुसऱ्या नाण्यावर दाखवा. मग ती ठशातच आहे, असं मानू." म्हणणं रास्त होतं. तेव्हापासून दोघांना दुसऱ्या पैशाचा ध्यास लागला. घाटावरचे विक्रेतेही पुंजारामांसाठी १९४९ बाजूला काढून ठेवू लागले. सगळे शेपटीविना, कोरे निघत.

एका रविवारी पुंजारामांचा फोन आला. इतर दिवशी ते कधी फोन करत नसत.

"सापडला!" धाप लागली होती त्यांना. "माझ्याच डब्यात होता हो! जगभर हिंडलो, आणि हा घरात! झिजलाय पार, पण भिंगाखाली काहीतरी दिसतंय. मी अजून कोणाला सांगितलं नाही. बुधवारी आणतो. आधी तुम्ही बघा."

बुधवारी ते आले नाहीत. फोन वाजून वाजून बंद झाला, मग नुसताच बंद लागू लागला. डब्यातली जास्तीची भाकरी दीपमालाने गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चांभाराला दिली. दुसरा बुधवार गेला, तिसरा गेला. कोणाला विचारावं? विचारलं तर समोरून पहिला प्रश्न येणार, तुम्ही कोण? एकदा दुकान बंद करून ती घाटावर गेली. जुन्या वस्तूंची पथारी मांडलेला माणूस म्हणाला, "डॉक्टर? बरेच दिवस दिसले नाहीत. तुम्ही त्यांच्या कोण?" ती परत फिरली.

शेवटी एका दुपारी फोन उचलला गेला. बाईचा आवाज होता.

"मी नाशिकहून... डॉक्टरांचे नाण्यांचे फोटो काढते ती."

"तुम्ही होय. मी अंजली, त्यांची सून." तिने आवाज खाली आणला. "बाबांना पॅरालिसिस झाला. तीन आठवड्यांमागं, सोमवारी सकाळी न्हाणीतच पडले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नाशिकलाच तर आणलं होतं, द्वारकेजवळ दवाखान्यात. आत्ता परवा घरी आणलं."

"इथे? नाशिकात?"

"हो ना. वीसेक दिवस होतो."

दीपमालाने फोन ठेवला. द्वारका म्हणजे रिक्षाने काही लांब नाही. ती इथे बसून दाराकडे बघत होती, आणि ते तिथे पडून होते. त्या दिवशी तिने आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि शटर ओढलं.

घरी तिने आईला सांगितलं. लताबाईंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "जा की मग."

"आई, त्यांचं घर, गाव..."

"चहा कुठल्या कपात देतात ते मी जन्मभर बघितलंय. तू माणूस बघायला चाललीस. कपाकडं कशाला बघतेस?"

सटाण्याच्या गाडीत कॅमेऱ्याची बॅग मांडीवर धरून ती बसली. फाट्यावर उतरून डाळिंबाच्या बागांमधून चालत गेली. घर सापडलं. अंगणात खुर्चीवर पुंजाराम बसले होते, उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिला बघून त्यांच्या घशातून एक आवाज निघाला आणि डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

अंजली बाहेर आली. तिशीची, पदर खोचलेली. तिने दीपमालाला नीट न्याहाळलं. "दवाखान्यातसुद्धा बुधवार आला की कॅलेंडर दाखवायचे आणि खुणेनं सदरा मागायचे," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, बाजाराचं मनात असेल."

चहा आला. तिघांचे कप एकाच जातीचे होते, निळ्या फुलांचे. आपण आधी कपाकडेच बघितलं, हे दीपमालाच्या ध्यानात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "पैसा दाखवता ना?"

त्यांनी डाव्या हाताने घराकडे बोट केलं. अंजलीने पत्र्याचा डबा आणला. सगळ्यात वर वेगळी कागदी पुडी होती. नाणं खरंच झिजलं होतं. खूर पुसट, तलवारीची नुसती आठवण. दीपमालाने ते भिंतीच्या सावलीत चौरंगावर ठेवलं, कॅमेरा लावला आणि बॅगेतून उजेडाची बॅटरी काढली. ती कोणाच्या हातात द्यावी, याचा विचार करायला ती क्षणभर थांबली. तेवढ्यात पुंजारामांचा डावा हात पुढे आला होता.

उजेड नाण्यावरून भिंतीवर जाई, परत येई. अंजली मदतीला सरकली, तशी दीपमाला म्हणाली, "राहू दे गं. त्यांना येतं." आणि मग नेहमीच्या आवाजात, "थोडं खाली, डॉक्टर. अजून. बस्स."

उजेड ठरला. नऊच्या उजव्या अंगाला ती रेघ वर आली. फिकट, पण त्याच वळणाची, त्याच जागी. खुर्ची फिरवून दुसऱ्या बाजूने उजेड टाकला. सावलीने बाजू बदलली. मोबाइलमधला जुना फोटो तिने शेजारी धरला. वेलीच्या पानापासून आकड्यापर्यंत गेलेली बारीक चीरही दोन्हीकडे एकच होती. ठसा एकच. तिने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. ते बराच वेळ बघत राहिले. ओठ जुळवायला त्यांना फार कष्ट पडले.

"शे," ते म्हणाले.

अंजलीच्या हातातला कप तसाच राहिला. "महिन्यात पहिला शब्द बोलले," ती हळूच म्हणाली.

निघायच्या आधी अंजलीने संकोचत विचारलं, "बाबांचा एक फोटो काढाल का? पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला लागतोय, आणि दिव्यांग सर्टिफिकेटला. दवाखान्यात मोबाइलवर काढलेला बघवत नाही."

इतक्या बुधवारांत दीपमालाने त्यांचा एकही फोटो काढला नव्हता. तिने खुर्ची फिरवून उघड्या आभाळाच्या समोर आणली, उजेड तोंडावर सपाट पडेल अशी. तिरपा उजेड काय काय उघडं करतो ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. कपाळावरची बट बाजूला केली. बोटं तिथे गरजेपेक्षा क्षणभर जास्त राहिली. कॅमेऱ्याच्या काचेतून तिला दिसलं, ते हसायचा प्रयत्न करत होते. अर्धाच ओठ उठत होता. "हसू नका" हे तिच्या तोंडात नेहमीचं होतं. ते तिच्याच्याने म्हणवलं नाही. तिने तसाच फोटो घेतला.

"येते, डॉक्टर. परत येऊ का?"

त्यांनी मान हलवली. पुन्हा तो ओठांचा झगडा.

"ये."

इतकी वर्षं ते तिला "या" म्हणत आले होते. आजाराने शब्द तोडला, की माणसाने तो सोडला? फाट्यापर्यंत, गाडीत, देवळा येऊन गेलं तरी ती तो एकच प्रश्न घोळवत होती. तिला त्याचं उत्तर नको होतं.

अंजली फाट्यापर्यंत सोबत आली होती. गाडी येताना तिने खालच्या आवाजात सांगितलं, "कधीही या. पण आधी मला फोन करा. हे घरी असले की... तुम्हाला कळतंय ना?" दीपमालाला कळत होतं. तिला राग आला नाही. त्या मुलीने तेवढं तरी म्हटलं होतं.

नानांनी दोन्ही नाण्यांचे फोटो शेजारी ठेवून तपासले आणि दुसऱ्याच दिवशी लिहिलं, "शंका नाही. अभिनंदन." संग्राहकांच्या सहामाही अंकात अर्धं पान छापून आलं. खाली बारीक अक्षरात होतं: नाणी – पुं. आहेर; छायाचित्रं – दी. पगारे. दीपमालाने अंक लताबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नावं वाचली, पान बंद केलं आणि म्हणाल्या, "छान आलंय."

त्यानंतर ती एकदाच जाऊ शकली. दुसऱ्यांदा निघायच्या बेतात होती, तेव्हा अंजलीचा फोन आला: थोरल्या नणंदेने बाबांना सुरतेला नेलं, तिथे व्यायाम करून घेणारा चांगला माणूस आहे, आता तिकडेच राहतील. डबा त्यांनी हट्टाने बरोबर नेला. दीपमालाकडे त्या डब्यातलं एकही नाणं नव्हतं. कधी मागावंसं वाटलं नव्हतं, आणि आता मागायला कोणी समोर नव्हतं.

गल्लीत तिचं काम चालूच आहे. घाटावरचे विक्रेते आता तिलाच शंकेची नाणी आणून दाखवतात, ग्रुपवर लोक तिचं मत विचारतात. दिवा धरायला तिने एक स्टँड घेतला. तो हलत नाही, पण "थोडं खाली" हे शब्द मात्र तिच्या तोंडून अजूनही निघून जातात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज होता, मराठीत गुजराती हेल मिसळलेला. "मी डॉक्टरांची नात बोलते, वेदिका. आजोबांना तुमच्याशी बोलायचंय. ते बोट ठेवून नंबर दाखवतात. मी फोन त्यांच्या कानाला लावते हं."

दुकानात एक वकील टाय सावरत बसला होता. दीपमालाने त्याला हाताने थांबायची खूण केली आणि पडद्याआड गेली. पलीकडे श्वास ऐकू येत होता, जड, ओळखीचा. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग ते काहीतरी बोलले. एक शब्द नव्हे, चांगलं लांबलचक, मध्ये दोनदा अडकून, पुन्हा सुरू करून. तिने डोळे मिटून कान दिला. एकही अक्षर तिला लागलं नाही.

"हो, डॉक्टर," ती म्हणाली. "हो. मलाही."